दुखणं सांगायचं कसं, उपचार घ्यायचे कसे

"काय होतंय, काकू?"

"सगळं अंगच दुखतंय बघा, डॉक्टर."

आमच्या आईचं हे उत्तर सहा वर्षांत एकदाही बदललं नाही. दोन्ही गुडघे, कंबर आणि कंबरेतून उजव्या पायात उतरणारी एक वेगळीच वेदना, अशी तीन दुखणी ती एका वाक्यात गुंडाळायची. समोर घाईतले डॉक्टर, बाहेर बाकावर तीस पेशंट. मग एक सूज उतरवणारी गोळी, एक पित्ताची, एक कॅल्शियमची आणि पंधरा दिवसांनी दाखवा. पंधरा दिवसांनी आई म्हणायची, "घेतल्या की बरं, थांबवल्या की पुन्हा तेच." डॉक्टर बदलले, एक्स-रेंची पिशवी जाड होत गेली. शेवटी एका वेदनातज्ज्ञ बाईंनी तिला वेगळंच विचारलं. "काकू, दुखणं नसतं तर आज सकाळी तुम्ही काय केलं असतं?" आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काकड आरतीला गेले असते. देवळाला चौदा पायऱ्या आहेत."

त्या चौदा पायऱ्यांपासून आईचे खरे उपचार सुरू झाले. पुढच्या दीड वर्षात तिच्याबरोबर दवाखान्यात बसून, विचारून, वाचून जे समजलं ते इथे सविस्तर सांगते. कुणाचं दुखणं मानेचं असेल, कुणाचं डोक्याचं, कुणाचं मधुमेहाने आग होणाऱ्या तळपायांचं. पण उपचारांतून जास्तीत जास्त पदरात पाडून घेण्याची रीत बरीचशी सारखी आहे.

आधी वेदना चालते कशी ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय पुढच्या कुठल्याच सल्ल्यावर विश्वास बसत नाही. पायात काटा रुतला की तिथल्या चेतातंतूंकडून निरोप मज्जारज्जूत जातो, तिथून मेंदूत, आणि "दुखतंय" हा निकाल मेंदू देतो. पूर्वी ही सरळ तार मानली जायची: काटा जेवढा मोठा, कळ तेवढी मोठी. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक दार आहे आणि ते कमीजास्त उघडतं. लेकराच्या कपाळाला टेंगूळ आलं की आई ते चोळते आणि रडणं ओसरतं, ते यामुळेच. चोळण्याचा स्पर्श दुसऱ्या तंतूंतून येतो आणि ते दार थोडं लोटून घेतो. मेंदूही वरून दाराची उघडझाप करत असतो. झोप नाही, मनात धास्ती, घरात कटकट, की दार सताड उघडं. शेक, हालचाल, धीर देणारं माणूस, मन रमेल असं काम, यांनी ते ओढलं जातं.

इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच हळवा होतो, हे १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. वाड्यात एकदा चोरी झाली की राखणीचा कुत्रा पुढे कित्येक महिने दूधवाल्यावरही भुंकतो. कुत्रा खोटं भुंकत नाही, त्याला धोका खरंच वाटत असतो. जुनाट दुखण्यात शरीराची राखण अशी बिथरते. मूळ इजा भरून आलेली असते किंवा होती तेवढीच असते, पण साधं वाकणंही आता धोका ठरतं. म्हणून "रिपोर्ट तर चांगले आहेत, मनाचे खेळ आहेत" हे वाक्य चुकीचं आहे आणि निर्दयही. वेदना खरी असते. तिचं कारण मात्र दर वेळी दुखऱ्या जागेतच सापडेल असं नाही.

तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणायचं, असा संकेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं अकरावं वर्गीकरण २०२२ मध्ये लागू झालं, त्यात जुनाट वेदनेला स्वतःची जागा मिळाली. याचा आपल्यापुरता अर्थ असा, की ताप उतरावा तसं हे दुखणं एका गोळीने उतरेल ही अपेक्षा सोडायची. मधुमेह किंवा रक्तदाब आपण जसा सांभाळतो, तसं ते सांभाळायचं.

या दुखण्याच्या ढोबळ तीन जाती आहेत. सांध्यांची झीज, सूज, स्नायूंचा ताण हे ऊतींचं दुखणं. दबलेली किंवा बिघडलेली नस हे नसेचं दुखणं. सायटिका, नागिणीनंतर मागे राहिलेली आग, मधुमेहातले तळपाय यात येतात. आणि तिसरी जात राखण बिथरल्याची, जशी फायब्रोमायल्जियात असते: अंगभर दुखतं, झोप उडते, थकवा जात नाही आणि तपासण्यांत काही सापडत नाही. एकाच माणसात दोन-तीन जाती एकत्र असू शकतात. आईला गुडघ्याची पहिली होती आणि पायात उतरणारी दुसरी. औषधं जातीनुसार बदलतात. नसेच्या आगीवर सूज उतरवणाऱ्या गोळ्या जवळजवळ निरुपयोगी ठरतात, आणि आई सहा वर्षं त्याच खात होती.

दुखण्याची जात ओळखण्यात पेशंटचे शब्द एक्स-रेइतकेच कामाचे असतात. मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या शब्दांचीच एक प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरतात. मराठीला तर या बाबतीत कुणाकडून उसनं घ्यायची गरजच नाही. ठणका म्हटलं की नाडीबरोबर ठणकणारी, सुजेची किंवा पुवाची वेदना डोळ्यांसमोर येते. चमक म्हणजे विजेसारखी वरून खाली जाणारी. ती बहुधा नसेची. मुंग्या, बधिरपणा, आग, सुया टोचल्यासारखं, कापसावर चालल्यासारखं, हे सगळे शब्द नसेकडे बोट दाखवतात. उसण भरणं म्हणजे कंबरेचा किंवा पाठीचा स्नायू अचानक धरणं. पोटरीत गोळे येणं वेगळं, रग लागणं वेगळं. सांधा आखडतो म्हणाल तर सकाळी किती वेळ आखडलेला राहतो तेही सांगा. झिजेच्या संधिवातात तो साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवातात तासभर किंवा त्याहून जास्त लागतो, आणि आमवाताचे उपचार पूर्णपणे निराळे आहेत, शिवाय ते लवकर सुरू झाले तरच सांधे वाचतात. चिकुनगुनियाचा ताप येऊन गेला असेल तर तेही आवर्जून सांगावं. २००६ च्या मोठ्या साथीनंतर महाराष्ट्रातल्या अनेकांचे सांधे महिनोनमहिने धरलेले होते.

आईला आम्ही एका कागदावर तीन माणसं काढून दिली, पुढून, मागून आणि बाजूने. जिथे जे दुखतं तिथे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं. गुडघ्यांवर "जड, कळ". कंबरेवर "आखडते". उजव्या पायावर मांडीच्या मागून घोट्यापर्यंत एक रेघ आणि शेजारी "चमक, रात्री आग". डॉक्टरबाईंनी तो कागद अर्धा मिनिट पाहिला आणि पहिल्यांदाच तिचा पाय सरळ उचलून तपासला.

दुसरी नोंद म्हणजे स्वयंपाकघरातली दिनदर्शिका. तिच्या रोजच्या चौकोनात आई रात्री एकच आकडा लिहायची, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे कल्पनेतली सगळ्यात वाईट वेदना. शेजारी, व्यायाम झाला तर टिंब, झोप मोडली तर फुली, जादा गोळी लागली तर "गो". एवढंच, आणि दिवसातून एकदाच. तासातासाला दुखण्याची नोंद करू नये. सारखं लक्ष दिलं की राखण आणखी बिथरते. महिन्याभरात त्या पानावर अशा गोष्टी दिसल्या ज्या कुणी सांगितल्या नसत्या. फुलीच्या दुसऱ्या दिवशी आकडा हमखास वाढलेला. बाजाराच्या दिवशी आठ. आणि एकादशीच्या भजनाला तीन तास बसूनही चार!

उपचार लागू पडला हे कधी म्हणायचं, तेही आधी ठरवून घ्या. वेदनेवरच्या संशोधनात आकडा साधारण तीस टक्क्यांनी उतरला की उपचार कामाचा मानतात. म्हणजे सातावरून पाचावर आला तरी ते यशच. शून्याची वाट पाहणारा माणूस चांगलं लागू पडत असलेलं औषधही "काही उपयोग नाही" म्हणून टाकून देतो. म्हणूनच आकड्यापेक्षा कामाचं माप मला जास्त मोलाचं वाटतं. पायऱ्या किती चढले, ओट्याशी किती मिनिटं उभी राहिले, बसमध्ये एकटी चढले का? दुखणं तेवढंच असून काम वाढलं असेल तर तुम्ही पुढेच गेला आहात.

आता औषधं. घरोघरी गोंधळ इथेच असतो, म्हणून जरा थांबून सांगते.

पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा धडधाकट मोठ्या माणसाला ४ ग्रॅम. वय झालेल्यांना, कृश माणसांना आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टर कमीच देतात. मेख अशी आहे की अंगदुखीच्या बऱ्याच जोडगोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच, सर्दीच्या गोळीतही असतं. वेगवेगळ्या नावांच्या तीन गोळ्या घेताना तेच औषध तीनदा पोटात जातं. पट्टीमागची बारीक अक्षरं वाचा. दिसत नसतील तर नातवंडाला वाचायला लावा.

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही सूज उतरवणारी औषधं सांधा सुजल्यावर थोड्या दिवसांसाठी उत्तम. वर्षानुवर्षं रोज घेतली तर जठरात व्रण, मूत्रपिंडावर ताण, हृदयाला धोका. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना यांची भर पडली की मूत्रपिंड अचानक बिघडू शकतं. आईच्या रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तेव्हा आमच्या पायाखालची जमीन सरकली. गोळी बंद केल्यावर ते सुदैवाने खाली आलं. त्या जागी गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं मलम आलं. झिजेच्या गुडघ्यांना मलमाचा चांगला गुण येतो आणि रक्तात ते फार थोडं उतरतं. मात्र ते सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीन-चार वेळा, नेमाने काही आठवडे लावायचं असतं. दुखलं की बोटभर चोळणं म्हणजे उपचार नव्हे.

नसेच्या दुखण्याची औषधं ऐकून लोक दचकतात. अमिट्रिप्टिलिन हे मुळात नैराश्यावरचं औषध, ड्युलोक्सेटिनही तसंच. प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिन फिट्सवरची. चिठ्ठी औषधांच्या दुकानात दाखवली की तिथला मुलगा म्हणतो, "ही डोक्याची गोळी आहे," आणि पेशंट ती घरी जाऊन कपाटात ठेवून देतो. खरं असं आहे की वेदनेचे निरोप कमी करण्याचं काम ही औषधं स्वतंत्रपणे करतात, आणि तेही बऱ्याचदा लहान मात्रेत. अमिट्रिप्टिलिन दुखण्यासाठी रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नैराश्याला त्याच्या कितीतरी पट लागतं.

या औषधांशी वागायची रीत वेगळी आहे. ती दुखलं तर घ्यायची नसतात, रोज घ्यायची असतात. मात्रा हळूहळू वाढवतात. गुण दिसायला काही आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतो: तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, गुंगी, मळमळ, प्रीगाबालिनने पायांवर सूज किंवा वजनात वाढ. बहुतेक जण इथेच सोडतात, म्हणजे त्रास भोगतात आणि गुण येण्याआधी उठून जातात. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत यातले बरेच त्रास सौम्य होतात. वयस्कर माणसाने मात्र रात्री उठताना दिवा लावूनच उठावं, तोल जातो. प्रोस्टेट वाढलेल्या किंवा काचबिंदू असलेल्या माणसाने अमिट्रिप्टिलिनच्या आधी डॉक्टरांना तसं सांगावं. सगळ्यांना ही औषधं लागू पडत नाहीत. पाच-सात जणांत एखाद्याला ठळक आराम, असं त्यांचं माप आहे. म्हणूनच एक नाही चाललं तर दुसरं, ही पायरी ठरलेली असते आणि तिला अपयश म्हणायचं नसतं. नाही चाललं तर ती सोडायचीही हळूहळू. पट्टी संपली म्हणून एका दिवसात थांबवू नका.

प्रत्येक नव्या औषधाला डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हे कशासाठी, गुण कधी दिसेल, नाही दिसला तर कधी थांबवायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. आईच्या पिशवीत नऊ गोळ्या होत्या. त्यातल्या चार कुणी सुरू केल्या होत्या ते आठवत होतं, पण का चालू ठेवल्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी १२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही तळपायांना मुंग्या येतात, तेव्हा ती तपासणी मागून घ्यावी. डोकेदुखीवाल्यांनी तर गोळ्यांचे दिवस मोजावेतच. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं, किंवा दहा किंवा जास्त दिवस जोडगोळ्या, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर ती गोळीच डोकं दुखवू लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. गावाकडून, जत्रेतून, कुणाच्या ओळखीने येणारी बिननावाची पुडी घेऊ नका. दोन दिवसांत सगळं दुखणं पळालं, भूक वाढली, चेहरा भरला, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याचा दाट संशय घ्यायला हवा. अशी भेसळ तपासण्यांत पुन्हा पुन्हा सापडली आहे. साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो. बरेच दिवस घेतली असेल तर अचानक बंद करणंही धोक्याचं. पुडी घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा आणि न लाजता सांगा.

एमआरआयबद्दल थोडक्यात. "मणक्यात गॅप आहे", "गादी सरकलीय", "वंगण संपलंय", हे शब्द आपल्याकडे इतके रुळलेत की माणूस वाकायलाही घाबरतो. पण पाठ मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या चित्रणांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज होती, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. केस पांढरे व्हावेत तशी ही झीज. ती चित्रात दिसते म्हणून तीच दुखण्याचं कारण असं ठरत नाही. एमआरआय गरजेचा असतो, पण तो तुमच्या लक्षणांशी जुळतो का हे तपासणाऱ्या हातांनी ठरवायचं असतं.

काही लक्षणं मात्र थांबू देत नाहीत. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. संध्याकाळी ताप आणि वजनात घट असेल तर आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आधी शोधावा लागतो, आणि तो औषधांनी बरा होतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर तेही पहिल्याच वाक्यात सांगायचं. तरुण माणसाची कंबर पहाटे दुखते आणि हालचालीने मोकळी होते, तर त्याने संधिवाततज्ज्ञांकडे जावं.

आता हालचाल. माझ्या मते निम्म्याहून जास्त उपचार इथेच आहे, आणि सगळ्यात कमी धीर आपण इथेच धरतो.

दरवर्षीची दिवाळी आठवा. चकल्यांची भाजणी आणलेली, आईला त्या दिवशी जरा बरं वाटतंय. ती म्हणते, आज होतंय तर उरकून टाकू. पाटावर बसून चकल्या, मग अनारसे, मग माळ्यावरचे डबे. दुसऱ्या दिवसापासून चार दिवस अंथरुणात. मग "आता नको काही करायला" म्हणून आठवडाभर आराम, त्यात मांडीचे स्नायू आणखी सुटतात, आणि पुढच्या वेळी निम्म्या कामातच कंबर धरते. बऱ्या दिवशी जास्त आणि वाईट दिवशी काहीच नाही, हा झोका जुनाट दुखण्याला पोसतो.

तो मोडायची रीत आईने अशी पाळली. ओट्याशी उभं राहून भाकऱ्या करताना दुखणं वाढायला किती मिनिटं लागतात ते तिने चार दिवस घड्याळावर पाहिलं, दोन बरे दिवस आणि दोन वाईट. सरासरी बारा मिनिटं निघाली. मग दहाव्या मिनिटाला गजर लावायचा आणि दुखो न दुखो, स्टुलावर बसायचं. तीन मिनिटं बसून पुन्हा उठायचं. यातलं "दुखो न दुखो" महत्त्वाचं आहे. दुखल्यावर थांबलं की राखण शिकते, काम म्हणजे धोका. न दुखता थांबलं की शिकते, काम म्हणजे चालतं. दर आठवड्याला तिने एखादं मिनिट वाढवलं. वाईट दिवशीही ठरलेलं केलं, बऱ्या दिवशीही ठरलेलंच केलं. यातलं दुसरं तिला जास्त जड गेलं.

गुडघ्याचा व्यायाम दिसायला अगदी क्षुल्लक. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची वळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. मांडीचा पुढचा स्नायू टणक झालेला हाताला लागला पाहिजे. पाच आकडे मोजून सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. महिन्याने खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. त्यानंतर घरातली एक पायरी, कठडा धरून. फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला एक कसोटी दिली होती: व्यायामात थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर व्यायाम कमी करायचा, बंद करायचा नाही. फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात. आपण दहा दिवस मशीनचा शेक घेऊन "फिजिओथेरपी करून पाहिली" म्हणतो. शेकाने बरं वाटतं, पण स्नायू काही वाढत नाही. वजनाचाही हिशेब सोपा आहे: अंगावरचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. आईचं साडेतीन किलो उतरलं, म्हणजे दर पावलाला चौदा किलो.

इंजेक्शनं आणि शस्त्रक्रिया यांची जागा ठरलेली आहे. मणक्यातलं किंवा सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काहींना काही आठवडे-महिने आराम देतं. त्या मुदतीत व्यायाम बसवला तर पैसे वसूल. नुसतं पडून राहिलं तर मुदत संपल्यावर पुन्हा तिथेच. गुडघा पार झिजला असेल आणि बाकी सगळं नीट करूनही चालणं अशक्य झालं असेल, तर सांधेबदल हा चांगला उपाय आहे. तेव्हा उगाच भिऊन वर्षं घालवू नयेत.

झोपेचं मात्र मनावर घ्या. वाईट झोपेनंतर दुखणं वाढतं हे आईच्या दिनदर्शिकेवरच दिसत होतं. दुपारची दीड तासाची झोप तिने वीस मिनिटांवर आणली, रात्रीचे कार्यक्रम सोडले, उठायची वेळ पक्की केली. दोन महिन्यांत फुल्या निम्म्या झाल्या. दुखण्याबरोबर उदासी आली असेल तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही. "आता माझं काही खरं नाही" हा विचार बदलला की ते दार खरोखरच थोडं मिटतं.

घरच्यांसाठीही एक. आम्ही प्रेमाने आईच्या हातातलं काम काढून घ्यायचो, "राहू दे गं, तू बैस." त्या वाक्याने तिचे स्नायूही गेले आणि स्वयंपाकघरातली तिची जागाही. आता आम्ही "दुखतंय का?" असं विचारत नाही, "आज किती मिनिटं झाली?" असं विचारतो.

इतक्या गोष्टी एकट्या डॉक्टरांच्या हातात मावत नाहीत, हे जॉन बोनिका या भूलतज्ज्ञांना दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करताना उमगलं. शिक्षणाचा खर्च भागवायला त्यांनी व्यावसायिक कुस्त्या केल्या होत्या आणि त्या मारामुळे ते स्वतः आयुष्यभर सांधेदुखी सोसत राहिले. १९५३ मध्ये त्यांनी वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून पेशंट पाहण्याची पद्धत रुजवली. आजची पेन क्लिनिकं त्यातूनच आली. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वेदनेची वेगळी ओपीडी असते, आणि ती बहुधा भूलशास्त्र विभाग चालवतो. तीन-चार महिने नीट उपचार घेऊनही फरक नसेल तर "वेदनातज्ज्ञांकडे चिठ्ठी द्याल का?" असं आपल्या डॉक्टरांना सरळ विचारावं. त्यात त्यांचा अपमान नाही.

आईचा आकडा सातावरून चारावर आला आहे. त्याखाली तो बहुधा जाणार नाही, आणि तिने ते मान्य केलं आहे. नऊ गोळ्यांच्या चार झाल्या. मागच्या कार्तिकात ती काकड आरतीला गेली, कठडा धरून, सातव्या पायरीवर थांबून. गजर लागला म्हणून थांबली, दुखलं म्हणून नाही.

तुमच्या घरात असं दुखणं असेल तर आज रात्री एवढं करा. घरातल्या सगळ्या पट्ट्या, मलमं, काढे, पुड्या एका पिशवीत भरा. एका कागदावर कुठे दुखतं, कसं दुखतं आणि त्यामुळे कोणतं एक काम राहून गेलंय ते लिहा. पुढच्या तपासणीला ती पिशवी आणि तो कागद टेबलावर ठेवा, आणि बोलायला त्या राहून गेलेल्या कामापासून सुरुवात करा.